युस्टिनच्या चाळिसाव्याला दिलेला चौथा भाग

तीर्थस्वरूप सेप्टिमिउदादास,

धाकट्या लिव्हिउचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. बोलोन्याच्या दमट हवेत तुझा रक्तदाब कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आलुबुखारची झाडं फुलली आहेत, मी ठणठणीत आहे, आणि आपला बालमित्र युस्टिन चर्चमागे शांत झोपला आहे, असं लिहून पत्र संपवणार होतो. पण तो शांत नाही, आणि त्याला कारण मी आहे, असं गावाचं मत पडलं आहे. गावाचं मत चूक आहे. का, ते सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तुला रजा मिळाली नाही. गव्हाची गोड कोलिवा उत्तम झाली होती, पालिंका दारूही सगळ्यांना पुरली. मग त्याच्या नावाने द्यायच्या वस्तू अंगणात मांडल्या : टेबल, खुर्ची, ताट, चमचा, टॉवेल. इथे देऊ ते तिथे त्याला मिळतं, आणि घेणाऱ्याने ते वापरायचं असतं, नाहीतर त्यालाही तिकडे ते माळ्यावर पडलेलंच मिळतं, हे तुला मी काय सांगणार. एवढ्यात युस्टिनच्या लुक्रेत्सियावहिनींनी त्याचं व्हिडिओ गेमचं यंत्र आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "याच्यासोबत 'मुक्या घंटे'ची एकच कॅसेट द्यायची, खेळाचा एकच भाग. सगळ्या दिल्या तर तो तिथे कुणाशी बोलायचा नाही. संसारभर मी त्याची पाठच बघितली. त्याची आई तिकडे कधीची वाट बघतेय, तिला तरी तोंड दिसू दे."

कुठली कॅसेट, हे ठरवायला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादा, मी उठून उभा राहिलो. (बसून मत मांडणं मला शिक्षक संघटनेपासून जमत नाही.)

मी म्हणालो, पहिल्या भागाला आपण आजोबांसारखा मान देतो आणि आजोबांसारखंच कोपऱ्यात बसवतो. दुसऱ्या भागात गावातला प्रत्येक माणूस वाट विचारली की खोटं सांगतो, म्हणून आपल्या जिल्ह्याचं इतकं खरं चित्र दुसरीकडे नाही. तिसऱ्यात आपल्याच डोंगरातल्या गडामागे बांबूचं बन आहे (बनवणारे जपानी, त्यांना माफ). पाचव्यात इतका काळोख आहे की शत्रूलाही आपण दिसत नाही. सहावा संगीतासाठी लावावा आणि खेळू नये. आठव्यापासून पुढचे आपण मोजतच नाही. राहिले चौथा आणि सातवा. वहिनी म्हणाल्या, "सातवा. तो भाग खेळताना युस्टिन शिट्टी वाजवायचा."

मला हे अपेक्षित होतं. सातवा तुझाही लाडका, म्हणूनच तू तो आपल्या तिघांच्या संचातून बोलोन्याला नेलास. पण सातव्यात घंटा वाजवणाऱ्याची ती मुलगी उडी मारल्यावर हवेतल्या हवेत वळते, आणि पडायची वेळ आली की तिचं वटवाघूळ होतं. हवेत वळणारे लोक मी संघटनेत पुष्कळ पाहिले आहेत. चौथ्यात तसं नाही. जमीन सुटली की सुटली, पाय टेकेपर्यंत दिशा बदलत नाही. उडी मारण्याआधी विचार करा, हेच चारित्र्य, असं मी म्हणालो. शिवाय माणूस जिथे शिट्टी वाजवतो ती करमणूक. जिथे शिव्या देतो आणि तरी परत जातो, ते प्रेम. आणि युस्टिनने सगळ्यात जास्त शिव्या चौथ्याला दिल्या.

"मग त्याचं माझ्यावरही भारी प्रेम असणार," वहिनी म्हणाल्या.

पाद्रीबाबा दमास्किन यांनी विचारलं, "या खेळात म्हणे एक दुष्ट उमराव आहे, तो मरतो का?" मी म्हटलं, प्रत्येक भागात. "मग पुढच्या भागात येतो कसा?" लोक घंटा वाजवायची विसरतात, म्हणून. बाबांनी मिशी पुसली आणि म्हणाले, "हे रविवारी माझ्या प्रवचनात येणार." बाबा माझ्या बाजूला आले. सातवा बोलोन्याहून मागवेपर्यंत चाळिसावं काही थांबत नव्हतं. चौथा ठरला.

घेणारी कोण? त्याची धर्ममाता दुमित्रा, जिने त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी हातात धरलं होतं. तिने यंत्र आणि कॅसेट पदरात घेतली, "देव त्याला क्षमा करो" म्हणाली (आभार मानायचे नसतात, हे तिने पाळलं), आणि दुसऱ्या दिवसापासून इमानेइतबारे खेळायला बसली.

दादा, चौथ्यातला तो मोडका पूल तुला आठवत असेल. दुमित्रा त्या पुलावरून पडते. रोज पडते. आणि लुक्रेत्सियावहिनींना स्वप्न पडलं : युस्टिन एका मोडक्या पुलाच्या काठावर टोपी हातात घेऊन उभा आहे. "माझ्याकडे बघतही नाही," त्या मला म्हणाल्या. "त्यात नवीन काही नाही. पण तो खाली बघतोय, लिव्हिउ. त्याची आई पलीकडे आहे. हे तुझं चारित्र्य."

तेव्हापासून मी रोज दुपारी दुमित्राकडे जातो. कंट्रोलरला मी हात लावू शकत नाही, कारण मग वापरणारा मी ठरेन आणि दान बुडेल. मी फक्त भाषण करतो. कडेला ये, थांब, आता. ती म्हणते, "तू 'आता' म्हणायच्या आधी एवढं बोलतोस की माझा पाय घसरतो. गप्प बस आणि शेंगा सोल." मी शेंगा सोलतो. पण माघार घेणार नाही. चौथा भाग श्रेष्ठ आहे, आणि दुमित्रा पूल ओलांडेल.

तुझा,
लिव्हिउ

ता. क. ईस्टरला येताना सातवा घेऊन ये. वहिनींना तो सहा महिन्यांच्या विधीला द्यायचा आहे. कल्पना तुझी होती असं सांग.

ता. क. २ पत्र पाकिटात घालण्याआधी दुमित्राकडे जाऊन आलो. तिने पूल ओलांडला, मी शेंगांकडे बघत असताना. पुढचं दार उघडायला ती तयार नाही. म्हणाली, "पोराला जरा बसू दे पलीकडे. आई भेटली असेल." वहिनींना हे सांगितलं तर त्या बराच वेळ भांडी घासत राहिल्या, आणि म्हणाल्या, सातवा आता नको.

ता. क. ३ तरी आण. माझ्या चाळिसाव्याला चौथाच द्यावा, हे माझं जाहीर मत कायम आहे. पण तो पूल ओलांडणारी या गावात एकच बाई आहे, आणि ती सत्त्याऐंशीची आहे. सातव्यात पडताना निदान वटवाघूळ तरी होतं. कॅसेट मोज्यात गुंडाळून आण, आणि कुणाला सांगू नकोस.