संशयाची किटली

आबा,

झालं माझं! लागली नोकरी. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, पण आज वाटलं पळत डेअरीवर यावं आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर ओरडून तुम्हाला सांगावं. पुण्यातली कंपनी आहे. मुलाखत सोपी गेली, खरी मारामारी होती ती तिच्याआधीच्या परीक्षेशी. ॲप्टिट्यूड टेस्ट म्हणतात तिला. साठ मिनिटांत साठ प्रश्न, कॉम्प्युटरवर, आणि वरच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं. गणितं आपली शाळेतलीच, पण एकेकाला मिनिटच मिळतं. पदवी घेऊन बसलेल्या कितीतरी पोरी तिथंच गळतात. मीही दोनदा गळले.

आणि गळले कशानं, ऐकाल तर हसाल. दुधानं! इतक्या लिटर मिश्रणात दूध किती, पाणी किती, आता त्यात आणखी किती पाणी घालावं, असला एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक पेपरात असतोच. बाकीच्या पोरी बघतात, जमला तर सोडवतात, नाहीतर पुढं जातात. मी कशी जाणार? डेअरीवाल्याची पोरगी मी, आणि दुधात पाणी किती ते मला सांगता येऊ नये? पहिल्या कंपनीच्या वेळी आकडा जुळेना, तर मी त्या एका प्रश्नाला अकरा मिनिटं चिकटून बसले. दुसऱ्या कंपनीच्या वेळी घरूनच ठरवून गेले होते की आज याला सोडायचं नाही. नाहीच सोडलं. उत्तर बरोबर आलं आणि शेवटचे चौदा प्रश्न उघडायचेच राहिले. घरी येऊन आईला म्हटलं, "मला डोकंच नाही." आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "डोकं हाय. चिकटायची खोड हाय. त्या किटलीच्या दिवशी बी हीच खोड हुती."

ती किटली आठवते ना तुम्हाला? मी सातवीत आहे. तुम्हाला ताप भरलाय, तुम्ही आतल्या खोलीत घोंगडी पांघरून पडलाय, आणि लॅक्टोमीटर पहिल्यांदाच एकटीच्या माझ्या हातात आहे. काय तोरा माझा! शेजारची काकू किटली पुढं करते. मी दूध ओतून घेते, लॅक्टोमीटर सोडते, तर डिग्री कमी. भर रांगेत म्हणते, "काकू, पाणी हाय ह्यात." काकूचं तोंड एवढंसं होतं. "न्हाई गं बाई, आत्ता तर धार काढून आनलंय." मी पुन्हा बघते, पुन्हा कमी. तिसऱ्यांदा बघते. मागं माणसं कुरकुरायला लागलीत, आणि टेम्पोवाला दोनदा हॉर्न वाजवून निघून जातो. निम्म्या गावाचं दूध तसंच मागं राहतं.

तेव्हा तुम्ही तापातच बाहेर आलात. ओरडला नाहीत. किटलीला हात लावलात आणि मला म्हणालात, "लाव हात." कोमट होती. "ऊन दुधात डिग्री कमीच दावती, येडे. संशय आला की किटली बाजूला ठिवायची, निवू द्यायची, तवर फुडची घ्यायची. निवलं की खरं काय ते दिसतंय. टेम्पो काय तुझ्या बापाचा हाय व्हय, थांबायला?" मला रडता रडता हसू आलं, कारण बाप तर समोरच उभा होता. मग दिवसभर आपल्या स्वयंपाकघरात त्या दुधाचा खवा आटवला. आईच्या हाताला फोड आले, घर आठवडाभर खव्याच्या वासानं भरलेलं होतं.

आईनं आठवण करून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा अभ्यास सुरू झाला. आमचाच म्हणायचा, कारण परीक्षक ती होती. सकाळी मी ओट्याशेजारी पेपर घेऊन बसायची, ती चुलीपाशी राहून भिंतीवरच्या घड्याळावर डोळा ठेवायची. तास भरला की किटलीचं झाकण ताटावर बडवून ओरडायची, "टेम्पो आला!" मी म्हणायची, "आई, एकच मिनिट." ती पेपर ओढून घ्यायची. "गेला टेम्पो." आधी चिडचिड झाली, दोनदा मी जेवलेसुद्धा नाही रागानं. पण दोन महिन्यांत हाताला सवय लागली. अडलं की खूण करायची आणि पुढं.

परीक्षेचं सेंटर नगरला होतं. नवव्या प्रश्नाला दूध आलंच! हात नुसते शिवशिवत होते, आबा. आकडे जुळेनात. आणि मी बोलून गेले, "बाजूला ठिव." एवढ्या मोठ्यानं की पर्यवेक्षक बाईंनी डोळे वटारले. खूण केली, पुढं गेले. एकोणसाठ झाले तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. मागं येऊन बघते तर प्रश्न निवला होता! पाणी घालायचं नव्हतंच, मिश्रण काढून घ्यायचं होतं, मीच घाईत उलटं वाचलं होतं. दोन मिनिटांत उत्तर. उरलेला वेळ मी हाताची घडी घालून राणीसारखी बसले. निकाल आला तेव्हा आईनं झाकण असं बडवलं की आळी गोळा झाली.

आता एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तिसऱ्यांदा बघताना किटलीचा ऊनपणा माझ्या बोटांना लागला होता. मला कळलं होतं. पण सगळ्यांसमोर "पाणी" म्हणून बसले होते, शब्द मागं घेववेना. तुमच्यासमोर मात्र मला कळलंच नव्हतं असं भासवलं. आज काकूला पेढे द्यायला गेले तेव्हा पहिलं हेच सांगितलं आणि तिच्या पाया पडले. काकू तोंडात पेढा घोळवत म्हणाली, "मला ठावं हाय की गं. तुझ्या आबानं त्याच दिशी सांजच्याला येऊन हात जोडले हुते. म्हनला, पोरीला समजलं हुतं, पन तिला मागं येता येईना. तिची ती येईल सांगायला, तवर तुमी काय बोलू नगा."

मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडले, आबा. पेढ्यांचा पुडा हातातच राहिला.

हे पत्र तुमच्या लॅक्टोमीटरच्या डब्यात ठेवते, दुसरीकडं कुठं टाकणार. तुम्ही मला बाजूला ठेवलं होतंत. निवायला बारा वर्षं लागली, एवढं कबूल करते.