रिकामी बादली

मंगळवार, संध्याकाळ, हवाई

मनोलो गेला. शेजारच्या पपईच्या बागेतला म्हातारा. दुपारी त्याची मुलगी सांगायला आली, हातात तीच निळी बादली.

दोन वर्षं तो रोज त्या बादलीत पपई घालून कुंपणाला अडकवायचा. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, म्हणून मी कधी लाडू घालायचे, कधी थालीपीठ. त्याला मराठी येत नाही, मला इंग्रजी. तरी तासभर उभे असायचो. काय बोलायचो, देव जाणे.

रविवारी अनिल म्हणाला, "आई, पेशंट मला विचारतात, तुझ्या आईचा बॉयफ्रेंड कसा आहे. बरं दिसतं का हे?"

"मेल्या, या वयात आता काय बरं दिसायचं राहिलंय?" म्हटलं खरं, पण काल बादली रिकामीच अडकवली. लाज वाटली, दुसरं काय.

काल तो ती बादली मांडीवर घेऊन बसून राहिला, जेवलाही नाही, असं त्याची मुलगी म्हणाली; सुनेने मला मराठीत सांगितलं. पहाटे गेला. सून म्हणते, "हार्ट वीक होतं, आई. रिकाम्या बादलीचं त्याला काय कळणार?"

कळलं असणार. मागच्या पावसात पपई नासली, तेव्हा त्याने बादली रिकामी ठेवली होती. मी रुसून आठ दिवस कुंपणाकडे फिरकले नव्हते. मीच शिकवलं त्याला.