माहेरची झोळी

सोमवार, ९ सप्टेंबर

पूल म्हणे त्यांचा झाला! काल संध्याकाळी बांडिकू टोळीने पलीकडच्या डोंगरावरून आरोळी ठोकली — "ओल्कान्यांनोऽ, उद्यापासून पुलावर पाय ठेवाल तर पाय आमच्याकडे राहील!" आम्हा ओल्कान्यांच्या पुरुषांनी उलटी आरोळी ठोकली. मग अंधार पडेपर्यंत या डोंगरावरून त्या डोंगरावर नुसत्या शिव्या.

पूल त्यांचा, मग माझी शाळा? ती पलीकडे आहे ना! पुढच्या महिन्यात आठवीची परीक्षा. पास झाले तर शहरात, वसतिगृहात. नाही झाले तर रताळी खणत बसायचं, आणि एक दिवस कुणीतरी माझ्या मोलाची डुकरं दारात आणून बांधणार नि मला बायको म्हणून घेऊन जाणार. याचा विचार कुणी केलाय? भांडण कशावरून, तर कॉफीच्या चार झाडांवरून. ती कुणी लावली हे लावणाऱ्यालाही आठवत नसेल.

बाबा दूर खाणीवर कामाला. फोनवर म्हणाले, "आई सांगेल तसं कर." झालं, सुटले!

आईने खुंटीवरची तिची जुनी झोळी काढली. लाल-पिवळी. "ही माझ्या माहेरची वीण. डोक्यावरून पाठीवर सोड आणि जा. बांडिकू लांबूनच ओळखतील. बहिणीच्या लेकरावर माझे भाऊ हात टाकणार नाहीत. अर्धं रक्त त्यांचं आहे."

अर्धं! म्हणजे उरलेल्या अर्ध्याला गोळी घातली तर चालेल?

मंगळवार, १० सप्टेंबर

गेले. आले. जिवंत आहे. गणितात मात्र मेले.

बुधवार, ११ सप्टेंबर

पुलावर आज बोमाई मामा होता. आईचा धाकटा भाऊ. पाण्याच्या नळीची घरी केलेली बंदूक मांडीवर, हातात भाजलेलं रताळं.

"कोण ती? आमच्या कांबाची पोर ना? ये ये. आई जाड झाली का, की अजून काटकीच?"

"तुमच्या भीतीने बागेत जाता येत नाही. जाड कशाने होणार?"

त्याच्याबरोबर पहाऱ्याला बसलेले सगळे खो-खो हसले. मामाने रताळं मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. यानेच गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीतली घरं पेटवली. तेच हात. आणि मी खाल्लं! भूक लागली होती. रताळं गोड होतं, त्याचाच जास्त राग आला.

शाळेत वर्ग ओस. आमच्या बाजूची मी एकटी. त्यांच्या पोरी मागच्या बाकांवर बसतात, माझ्याशी बोलत नाहीत. गेल्या महिन्यापर्यंत त्याच माझ्या वेण्या घालायच्या. गेउआ मिस समुद्राकाठच्या, त्यांना आमची भांडणं कळत नाहीत. पत्र्यावर काही पडलं की दचकतात. टेबलाखाली त्यांची बॅग भरलेलीच असते. "मी जायच्या आत अपूर्णांक तरी संपवू," म्हणतात. बिचाऱ्या. पण राग येतोच! त्यांना जायला गाव आहे.

सोमवारी, सोळा तारखेला, आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. झेंडा मी चढवायचा. "दुसरं मोठं कोण येतंय?" मिस म्हणाल्या. केवढा मान!

शुक्रवार, १३ सप्टेंबर

केरेंगा काका घरी आला. आमच्याकडची लढाई तोच चालवतो, म्हणजे स्वतः मागे उभा राहतो आणि पोरांना पुढे पाठवतो. झोळी बघितली आणि भडकला. "बांडिकूंची झोळी आमच्या वस्तीत मिरवते ही! माय रोज काय बातम्या भरून पाठवते तिच्यातून?"

आणि आईने वर त्याला जेवायला वाढलं! डब्यातला मासा होता तो, माझ्यासाठी ठेवलेला. आईने इथली जमीन खणली, इथे दोन पोरं काढली, काकाच्या म्हाताऱ्या आईचं हगणंमुतणं केलं. तरी ती बांडिकूच. आणि ती ऐकून घेते. तिने एकदा तरी ओरडावं. एकदा तरी!

शनिवार, १४ सप्टेंबर

नळावर गेले तर बायका उठून गेल्या. एक थुंकली.

रविवार, १५ सप्टेंबर

आज सगळ्यांशी भांडले.

आधी वाइमशी. माझा मोठा भाऊ. माझ्याहून हुशार होता गणितात, पण काकाने बंदूक दिली आणि याने वही टाकली. आता वर सुरूच्या झाडांखाली बसून पुलाच्या वाटेवर पहारा करतो. म्हणाला, "धुक्यात वरून माणूस दिसतच नाही गं. फक्त झोळीचा रंग दिसतो. बांडिकू पुरुषही तीच वीण खांद्याला लावतात. रोज माझं बोट चापावर जातं. मग स्वतःला सांगतो, थांब, आपली डिलू असेल."

असेल! म्हणजे रोज मी त्याच्या एका 'असेल'वर शाळेत जाते.

झोळी आईच्या अंगावर फेकली. "तुझं माहेर तूच वाहा!"

आई म्हणाली, "डिलू, तिच्याशिवाय पुलावर तुला ओळखणार नाहीत."

"नाही ओळखलं तर मारू देत. निदान काकाचं तोंड तरी बंद होईल."

ती झोळीची घडी घालत बसली. मग मी वाइमला बजावलं, "उद्या मी माझी निळी घेऊन जाणार. ती लाल-पिवळी वाटेवर दिसली, तर ती मी नव्हे. समजलं?"

"समजलं."

"म्हणून दाखव."

त्याने म्हणून दाखवलं.

सोमवार, १६ सप्टेंबर — शाळेत

आले! निळी झोळी घेऊन! धुकं इतकं की पुलाचं दुसरं टोक दिसेना. मामा ओरडला, "थांब! कोण?" मग जवळ येऊन हसला. "लाल झोळी कुठाय? असू दे. माझ्या बहिणीचं नाक घेऊन फिरतेस, झोळी कशाला हवी?"

एवढंच होतं तर! आणि आईने उगाच जीव टांगणीला लावला.

फाटकात शिरले तोच आमच्या बाजूला एक गोळी वाजली. मिस टेबलाखाली. मला हसू आलं. रोजचंच आहे. झेंड्याची दोरी अडकली होती, मी लोंबकळून ओढली. मागच्या बाकांवरच्या पोरींनीही गाणं म्हटलं. एकीने माझ्याकडे बघितलं.

घरी जाऊन आईला सांगणार आहे — नाकावर भागतं!

मंगळवार, १७ सप्टेंबर

काल मी निघाले आणि मागोमाग आई झोळी घेऊन धावली. मला द्यायला. वाइमने वरून गोळी घातली. आमच्याच वाटेवर. आई तिथेच गेली.

वाइम कालपासून एवढंच म्हणतोय — लाल-पिवळी दिसली, तर ती डिलू नव्हे.