हमिंग तुझ्या मशीनचं नव्हतं

प्रिय मल्हारी,

तू गेल्याला दोन वर्षं होत आली. या काळात मनातल्या मनात मी तुझ्याशी पुष्कळ बोललो, पण ते सगळं माझ्या सोयीचं होतं. आज कागद घेऊन बसलो, कारण गेल्या आठवड्यात स्टुडिओतलं हमिंग, हेडफोनमधली ती घूं, थांबलं. तू सांगितलं होतंस तसंच थांबलं.

इमारतीत नवीन मीटर बसवायला एक इलेक्ट्रिशियन आला होता. मागच्या बोळातल्या अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण त्यानं उघडलं आणि मला खाली बोलावलं. म्हणाला, "साहेब, आत नुसता भुगा हाय. ओल नसंल तर करंट जमिनीत जाणार कसा?" बोळात सिमेंटचा रस्ता झाल्यापासून पावसाचं पाणीसुद्धा तिथं मुरत नव्हतं. त्यानं मीठ टाकलं, वरून दोन बादल्या पाणी ओतलं. पाच मिनिटांचं काम.

मी वर आलो, माळ्यावरून तुझ्या मशीनचा डबा काढला, पुसला आणि माइक जोडला. हेडफोन कानाला लावून आवाज वाढवत गेलो, अगदी शेवटपर्यंत. काही नाही. मल्हारी, तुझ्या मशीनमध्ये इतकी शांतता होती की मला माझाच श्वास ऐकू आला.

आता हे कुणाला सांगू?

आठवतं, आयटीआयमध्ये आपण एका बाकावर बसायचो? मी शेतीवाल्या घरचा, घरून डबा यायचा. तू पाचोडकडचा, मेंढरांमागं वाढलेला. शिकून तू चितेगावच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला, तार गुंडाळायच्या कामाला, लागलास आणि मी शहरात शहागंजात कापडाच्या दुकानावरची खोली घेऊन स्टुडिओ टाकला. भजनी मंडळं, लग्नाच्या पत्रिकेचे व्हिडिओ, निवडणुकीच्या घोषणा. चालला होता कसाबसा.

मशीनचं डोकं तुझं. माइकमधून येणारा आवाज फार बारीक असतो, त्याला मोठं करणारा प्रीअँप लागतो. भंगारातून आणलेला जुन्या काळचा एक प्रीअँप तू उघडलास आणि आतला ट्रान्सफॉर्मर तळहातावर घेऊन बसलास. "अन्या, ह्याच्यातून गेलं की आवाजाला अंग येतं बघ. नव्या मशीनीत आवाज निस्ता उघडा." मग तू ठरवलंस, तसाच ट्रान्सफॉर्मर आपण हातानं गुंडाळायचा आणि त्याच डब्यात आवाजाचे आकडे करून कॉम्प्युटरला देणारी डिजिटल पाटीही बसवायची. तारेच्या एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर, मधे एकच डबा.

ते सगळं कशासाठी होतं, हे मला माहीत होतं. पावसानं पाठ फिरवली आणि तुमची मेंढरं विकली गेली. चरायचं रान होतं तिथं प्लॉट पडले, दगड रोवले गेले, लांबलचक नावांचे फलक लागले. तुझी माय मेंढरांमागं चालताना ओव्या म्हणायची. मेंढरं गेली तशा ओव्याही जायला लागल्या. "कालच्याला निम्मीच आठवली तिला," तू एकदा म्हणालास. "इसरायच्या आत भरून घेऊ."

माय शहागंजात आली तो दिवस मी किती वेळा पुसायचा प्रयत्न केला असेल!

नेमका त्याच दिवशी पुण्याच्या एका स्टुडिओचे मालक मशीन ऐकायला येणार होते. त्यांना आवडलं तर तुला आणखी डबे करायचं काम मिळणार होतं. कारखान्यात पाण्यावाचून एक पाळी बंद झाली होती, तुझा त्यात नंबर लागला होता. माय नवं लुगडं नेसून माइकसमोर बसली. पहिलीच ओळ म्हटली आणि हेडफोनमध्ये तिच्या आवाजाखाली घूंऽऽ असा आवाज. तू डबा उघडलास, बंद केलास. तू अनवाणी होतास. डब्याला हात लावून म्हणालास, "झिणझिण लागतंय. अर्थिंगचा लोच्या हाय." मी हात लावला. मला काहीच लागलं नाही. माझ्या पायात रबरी चप्पल होती, हे मला आत्ता, अडीच वर्षांनी सुचतंय.

आणि मी काय बोललो? मायसमोर, त्या पाहुण्यांसमोर? "हातानं गुंडाळलेलं वाइंडिंग आहे. कंपनीसारखं कसं येणार? मी दुसरा माणूस बघतो."

माय तुला विचारत होती, "काय म्हणतो रं ह्यो?"

"काय नाय माय. माह्या हातचं चुकलं."

तू तेव्हा माझ्याशी भांडला का नाहीस? एक शिवी तरी द्यायची होतीस.

पाहुणे काम न देताच गेले. नंतर तीन वेळा तू तो ट्रान्सफॉर्मर सोडलास आणि पुन्हा गुंडाळलास. केसाएवढी तार, हजारो वेढे. डोळ्यांतून पाणी यायचं तुझ्या. चौथ्या वेळी तू तार आणली नाहीस, पाण्याचा डबा आणलास. चितेगावहून, बसमधून, मांडीवर धरून. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले होते, कुणाला आठवत नव्हतं. बोळाच्या तोंडाशी टँकर उभा होता, बायकांची रांग होती, आणि तू अर्थिंगच्या त्या खड्ड्यात पाणी ओतायला लागलास. बायका ओरडल्या. मला लाज वाटली, तुझी. मी येऊन तुझ्या हातातला डबा हिसकावला. "लोकांना प्यायला नाही आणि तू मातीत घालतोस?"

तू एवढंच म्हणालास, "अर्धा डबा अजून टाकू दे. मग ऐकू."

मी टाकू दिला नाही. उरलेलं पाणी रांगेतल्या एका म्हातारीच्या घागरीत ओतलं आणि मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं. तू रिकामा डबा घेऊन गेलास. परत कधी शहागंजात आला नाहीस.

इथवरचं तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

तू यायचा बंद झाल्यावर महिन्याभरात मी कंपनीचा प्रीअँप आणला. परदेशी, कोरा. जोडला आणि तोच आवाज, तीच घूं. मल्हारी, मला तेव्हाच कळायला हवं होतं असं मी लिहिणार होतो. पण खोटं कशाला? मला तेव्हाच कळलं होतं. मी कॉम्प्युटरवर ती घूं कापून टाकायची युक्ती शोधली आणि कामाला लागलो. कापताना गाणाऱ्यांचे आवाजही थोडे कापले जायचे. कुणी तक्रार केली नाही. तू त्यानंतर चार महिने जिवंत होतास. माझ्याकडं तुझा नंबर होता. फोन उचलून "तुझं बरोबर होतं" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

मग तुझ्या थोरल्या भावाचाच फोन आला. कावीळ झाली होती, गावातच औषध चालू होतं, सरकारी दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला. मी पोचलो तेव्हा तुला जमिनीवर निजवलं होतं. पाय उघडे होते. मी मायकडं न बघता मागं उभा राहिलो.

काल बाजाराच्या दिवशी पाचोडला गेलो. डबा, माइक, लॅपटॉप सगळं घेऊन. वाटलं, मायला बसवू, ओव्या भरून घेऊ, तुझ्या मशीनमधून तिचा आवाज तिलाच ऐकवू, म्हणजे मला वेगळं काही बोलावं लागणार नाही. बघ, किती सोयीचं शोधलं होतं मी.

माय दुसऱ्याच्या रानात खुरपून नुकतीच आली होती. मला ओळखलं, पाणी दिलं. डब्याकडं बघितलं आणि हात नाही लावला.

"माय, दोन ओव्या म्हणता का? मल्हारीचं राहिलं होतं."

"नाय रं बाबा. आता येत नाय मला." मग ती उंबऱ्यावरची माती बोटानं गोळा करायला लागली. "म्हणाय लावणारा गेला. कुणासाठी म्हणू?"

मी वायरी गुंडाळायला लागलो. तेव्हा ती म्हणाली, "तापात बी त्येच बडबडायचा. माय, माह्या हातचं कुठं चुकलं त्ये काय घावंना. तुला म्हाईत हाय का रं? काय चुकलं व्हतं त्याचं?"

तिनं मला सरळ विचारलं, मल्हारी. तेच सांगायला मी गेलो होतो. आणि मी "नाही" म्हणालो. मान हलवून, "नाही माय, माहीत नाही." आणि बस पकडली. पैठण रोडला दोन्ही बाजूंनी नव्या बिल्डिंगा चढतायत. खिडकीतून त्या बघत आलो, म्हणजे शेजारच्या माणसाला माझं तोंड दिसू नये.

माफी मागत नाही. ती तू दिलीस तरी मला कळणार नाही, आणि दिली नाहीस तरीही. मायच्या ओव्या गेल्या. त्या कुठल्याच मशीनमध्ये आता यायच्या नाहीत, आणि त्या माझ्यामुळं गेल्या.

फक्त एवढं करतो. पुण्याच्या त्या गृहस्थांना आज सगळं लिहून पाठवतो, खोट कुणात होती ते. आणि पुढच्या बाजाराला पुन्हा पाचोडला जातो. मशीन नेणार नाही. मायच्या समोर जमिनीवर बसेन, तिनं पुन्हा विचारायची वाट बघणार नाही, आणि सांगेन की तुमच्या लेकाच्या हातचं काहीच चुकलं नव्हतं, मला ते तो जिवंत असतानाच माहीत होतं. मग ती जे म्हणेल ते ऐकून घेईन. काहीच म्हणाली नाही, तर तिनं ऊठ म्हणेपर्यंत बसून राहीन.

तुझा,
अनिल
शहागंज