चिखलाकडचं टोक

ता. २ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. चार वर्षांपूर्वी तू इथे एकच मोजा विसरून गेलास. जोडी विसरला असतास तर मी वापरली असती. एकट्याचं काय करावं? ना टाकवत, ना घालवत. खुंटीला लटकून दाराकडे बघतोय.

यंदा बीजोत्पादनाच्या भातात मी शहाणपण केलंय. मादीच्या फुलात स्वतःचा पराग नसतो, म्हणून नराच्या ओळी तिच्याबरोबरच फुलाव्या लागतात. पेरणी त्या हिशेबाने करतात. मी ती तुझ्या रजेच्या हिशेबाने केली! बारा तारखेला फुलोरा. नरावरून दोरी ओढून पराग उडवायला बाबांच्या वेळेसारखे आपण दोघं. हल्ली दुसरं टोक मजूर धरतो. तो भांडत नाही, मजा नाही.

तुझी वाट पाहणारी,
ताई

ता. ७ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

ओरडू नकोस. रजा पुढे ढकलली, अठराला पोचेन. फुलांना म्हणावं, दम धरा. तुझा धाक मला पुरतो, त्यांना पुरू नये?

आणि बाबांच्या वेळचं काढलंसच म्हणून सांगतो. चिखलाकडचं टोक कायम माझं, कोरडा बांध थोरल्या बाईसाहेबांचा. पाय माखले म्हणून बोलणीही मीच खायची. तरी इथे खिडकी उघडली की समोर भिंत दिसते, आणि तोच चिखल आठवतो.

तुझाच,
धाकटा

ता. १२ सप्टेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद, वि. वि.

फुलं आली. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. फुलांना तेवढी सवड नसते. सकाळी तूस उघडतं, तासाभरात मिटतं. मात्र या जातीची एक खोड आहे, म्हणूनच मी ती निवडली: तूस मिटलं तरी कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा केसाळ तुरा, बाहेरच राहतो. आणखी दोनेक दिवस वाट पाहतो. बियाणं कंपनीचे साहेब म्हणाले, हिला दार लावायची अक्कल नाही. मी म्हटलं, आमच्या घरातली आहे.

लोंबीची वरची फुलं आधी उमलतात, खालची शेवटी. वरची मजुराबरोबर उरकते. खालची अठराला तुझ्यासाठी उरतील; तुझी सवय ओळखून नराची एक ओळ तेव्हाच उशिरा पेरली होती. जी फुलं दोन्हींच्या मधे पडतील, ती पोचट जातील. बी कमी भरलं की साहेबांना काय सांगायचं ते मी बघेन. तू ये.

लोभ कोरडा पडू देऊ नये.

ताई

ता. क. चिखलाकडच्या बांधावर गमबूट ठेवलेत. माझ्या मापाचे आहेत.