बाराबंदीवरची हळद

जुळे सोलापूर,
मंगळवार

ती. सिद्धेश्वरीअक्का यांना,
गिरिजाचे शरणु शरणार्थी.

तुम्ही सगळे बरे असाल. दाजींचा खोकला थांबला का? कारखान्याचा हंगाम जोरात असणार, म्हणजे तुमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीही पडत असणार. (ती कशानं निघते ते अप्पांना फोनवर अजिबात विचारू नका, एवढी दया करा.) आम्ही इकडं बरे आहोत, म्हणजे उभे आहोत. या दिवसांत पत्र कसलं, असं वाटेल तुम्हाला. पण फोन करावा तर अप्पा शेजारच्या खुर्चीत बसलेले, आणि गुडघे गेले तरी त्यांचे कान अजून शाबूत आहेत. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुमचा मोबाइल कायम पोरांच्या हातात. वळसंगचे सोमशेखरकाका उद्या अकलूजला निघालेत, त्यांच्याजवळ शेंगाचटणीची पिशवी आणि हे देते. विशेष काही नाही, सहज खुशाली.

अव्वा गेल्यावर अप्पांनी दोन वर्षं पेपर वाचण्यात काढली. दिवाळीपासून मात्र काय मनात आलं कुणास ठाऊक, घरातलं सगळं धुणं त्यांनी आपल्याकडं घेतलं. मी ऑफिसातनं येते तर बादली भरलेली आणि अप्पा बाह्या वर करून बसलेले. जन्मभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, पण स्वतःचा रुमाल कधी धुतला नाही, हे तुम्ही जाणताच. मला वाटलं, चला, सुनेचं नशीब उघडलं. कुठलं काय, अक्का! नुसता मळलेला कपडा ते नाइलाजानं धुतात. त्यांना डाग लागतो. चहाचा, तेलाचा, गंजाचा, कुठलाही चालतो. डाग दिसला की चष्मा पुसतात, कपडा खिडकीपाशी नेतात आणि आधी त्याची जात विचारतात. गंजाला लिंबू, तेलाला साबण, रक्ताला गार पाणी आणि चुकून गरम घातलंत तर तुमचं शिक्षण व्यर्थ. नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांनी, त्यात पिंपभर पाणी एका उशीच्या अभ्र्यावर खर्च. मी काही बोलायला गेले की म्हणतात, प्रयोग अर्धवट सोडता येत नाही.

स्वयंपाकघरातल्या डब्यांवरसुद्धा रेणुसूत्रांच्या चिठ्ठ्या लागल्यात. मीठ कुठलं आणि सोडा कुठला ते मी आता चाखून ओळखते. (त्यावरही बोलणी बसली. प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं म्हणे. मी म्हटलं, अप्पा, हा माझा ओटा आहे. तर म्हणाले, तेच तर.) शेजारच्या अंबुबाई आधी कौतुकानं टेबलक्लॉथ घेऊन यायच्या. हल्ली त्या आमच्या दारावरनं जाताना पदर सावरून जातात.

एके दिवशी मी सहज म्हटलं, अप्पा, ब्लीचनं डाग गेला की छान वाटतं बघा. तर म्हणाले, ब्लीचनं डाग जातोच असं नाही, पुष्कळदा त्याचा रंग तेवढा जातो. डाग तिथंच असतो, फक्त दिसत नाही. तेव्हापासून अक्का, मला पांढऱ्या चादरीवर नीट झोप लागत नाही. त्या ब्लीचिंग पावडरीतलं तर मला काही कळत नाही, चुन्यात ॲसिड मुरवून करतात वाटतं ती. मुकाट्यानं आणून देते झालं.

हे सगळं मी सोसलं असतं, पण संक्रांतीला जे झालं ते तुमच्या कानावर अर्धंच आलंय. यंदा मल्लेशना यात्रेत, देवाच्या लग्नाच्या अक्षतेदिवशी, नंदीध्वजाच्या उंच काठीला हात लावायला मिळणार होता. पहिल्यांदाच. महिनाभर सरावाला जात होते, खांद्याला रोज बाम चोळत होते, आणि चेहरा असा की आमच्या लग्नातही मी तसा बघितला नव्हता. भोगीच्या दुपारी, ध्वज धरायला लागतेच ती पांढरी बाराबंदी घालून बघितली आणि तशीच अंगात ठेवून भाकरी खायला बसले. मी म्हटलं काढून ठेवा. ऐकतात कुठलं! भोगीच्या भाजीचा थेंब बरोबर छातीवर. हळदीचा पिवळाधमक.

अप्पा ताटावरनं उठलेच. हळद उन्हात निघते हे त्यांनी स्वतःच सांगितलं, पण तोवर आमच्या बाल्कनीतलं ऊन उतरलं होतं. (सोलापुरात ऊन कमी पडलं म्हणून काम अडल्याचं मी तरी पहिल्यांदाच बघितलं.) मग धुण्याचा सोडा लावला, तर डाग तांबडालाल! मल्लेशचा चेहरा उतरला. अप्पा मात्र खुशीत. घाबरू नको म्हणाले, लिंबू पिळलं, डाग परत पिवळा. परत सोडा, परत लाल. नव्या वर्गाला दाखवावं तसं मल्लेशना दोनदा दाखवलं, आणि हळद कशी रंग बदलते ते समजावलं. मल्लेश एवढंच विचारत होते की पांढरा कधी होणार. मग टाकी धुवायला सोसायटीनं आणलेली ब्लीचिंग पावडर आली. अप्पांनी मापानं घातली, मग वेळ थोडा आहे म्हणून आणखी घातली, आणि बाराबंदी सकाळपर्यंत भिजत ठेवली.

सकाळी डाग नव्हता, हे खरं आहे. दुधासारखी पांढरी झाली होती. मल्लेशनी आंघोळ करून अंगात घातली आणि पहिला बंद बांधायला ओढला, तर तो हातातच आला. दुसरा ओढला, तोही आला. मग खांद्यापाशी कापड आपोआप फाटत गेलं, कुणी हातही लावला नव्हता. ऐन वेळी दुसरी कुणाची मिळणार? ज्याची त्याच्या अंगावर. ऑफिसचा शर्ट घालून गेले, गर्दीत उभं राहून अक्षता टाकल्या आणि परत आले. आल्यावर अप्पांच्या पुढ्यात उभं राहून मला म्हणाले, "गिरिजा, अप्पांना सांग, माझ्या कपड्यांना हात लावायचा नाही."

तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. एकाच खोलीत बसून माझ्यामार्फत पाणी आलं का विचारतात. मल्लेश आपले कपडे आपणच धुतात, म्हणजे बोअरच्या पाण्यात साबण घासत बसतात. त्या पाण्याला फेस येत नाही, हे सांगायला अप्पांचे ओठ हलतात, पण बोलत नाहीत. त्यांचं जेवणही कमी झालंय. मी मधल्या मधे थकले हो अक्का. ऑफिसात हिशेब, घरात निरोप. बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
गिरिजा

ता. क. – खरं सांगायचं तर खुशाली हे निमित्त. अप्पांना दोन-तीन महिने अकलूजला घेऊन जाल का? तुम्हीच हौसेनं बोलावलंय असं दाखवा, माझं नाव नको. मल्लेशचा राग निवला की परत आणू. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण दुसरं काही सुचत नाही.

ता. क. २ – येणार असतील तर तुमच्या रेशमी साड्या आधी कुलपात ठेवा.

चि. सिद्धेश्वरीस अप्पांचे अनेक आशीर्वाद. पिशवीतल्या शेंगाचटणीचं तेल या पत्रावर उतरलं होतं. टाल्कम पावडर पसरून, टिपकागदात धरून वरून कोमट इस्त्री फिरवली. ते करताना मजकूर वाचावा लागला, इलाज नव्हता. एक दुरुस्ती : ब्लीचिंग पावडर चुन्यात ॲसिड नव्हे, क्लोरीन मुरवून करतात. तिच्यात ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. बाकी गिरिजेनं लिहिलंय ते बरोबर आहे. बाराबंदीत माझं प्रमाण चुकलं.

दिवाळीत भाकरी थापताना तिच्या हातातल्या पिठाला रक्त लागलेलं मी पाहिलं. धुण्याच्या सोड्यानं बोटं फुटली होती. तिनं तेवढं पीठ गुपचूप काढून टाकलं आणि पुढची भाकरी थापली. हातमोजे घाल म्हटलं तर हो म्हणते, घालत नाही. सासऱ्याला धुणं तिनं करू दिलं नसतं, म्हणून डागांचं निमित्त काढलं. पुढं मला त्यात गोडी लागली, हेही खरं. अकलूजला मी केव्हाही येईन. फक्त इथलं धुणं कोण करणार ते तुम्ही दोघी आधी ठरवा. – अप्पा

ता. क. ३ – अक्का, पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा हे दिसलं. ओट्यापाशी उभी राहून रडले. मल्लेशसमोर कागद ठेवला. त्यांनी वाचला, माझा हात उलटा करून बोटं बघितली आणि आत गेले. अंगातला ऑफिसचा पांढरा शर्ट काढून आणला, खिशाला बॉलपेनची शाई गळलेली होती, तो अप्पांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "अप्पा, हा निघतोय का बघा."

तेव्हा न्यायला येऊ नका. अप्पांनी चष्मा पुसला, शर्ट खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला. मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं, "त्याच्याकडं असाच दुसरा शर्ट आहे ना गं?"