अंगावर शिवू नये

नजरबाद, मंगळवार संध्याकाळ

मी ज्या मालिकेचे कोट शिवले, ती जुन्या राजवटीतली प्रेमकथा आज टीव्हीवर लागली. नायिका नायकाच्या अंगावरच कोटाला बटण लावते, दोघंही गप्प. अंगावर शिवू नये, अपशकुन असतो, असं मी दिग्दर्शकाला सांगितलं होतं. हसला मेला.

ह्यांचे तर डोळे भरून आले. "अय्यो, एक शब्द बोलली नाही, तरी प्रेम कळलं बघ!"

वीस वर्षं ह्यांची बटणं मीच लावतेय. अंगावर कधीच नाही, शर्ट काढून घेऊनच. तिथंच चुकलं का माझं?

मालिका संपली. ह्यांनी शर्ट माझ्या मांडीवर टाकला, तुटलेल्या बटणाच्या जागी बोट ठेवलं आणि आत गेले. एक शब्द बोलले नाहीत. मलाही सगळं कळलं.